सिफिलिसचा आलेख आणि अंदाजपत्रकाची कात्री

१९३४ सालच्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क राज्याचे आरोग्य आयुक्त थॉमस पॅरन यांचे नभोवाणीवर भाषण व्हायचे होते. भाषणात 'सिफिलिस' हा शब्द उच्चारता येणार नाही, असे प्रसारण कंपनीने त्यांना सांगितले. पॅरन यांनी भाषणच रद्द केले. आपण त्या कंपनीला हसायचे कारण नाही. आपल्याकडेही या रोगाला 'गरमी' म्हणून आवाज खाली आणला जातो, आणि सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाशा'त तर तो 'फिरंग' रोग आहे, म्हणजे परक्यांच्या माथी मारलेला.

वास्तविक तोपर्यंत या रोगाबद्दल पुष्कळ माहिती झालेली होती. १९०५ साली जंतू सापडला, १९०६ मध्ये रक्तपरीक्षा निघाली, १९१० मध्ये साल्व्हारसान हे आर्सेनिकयुक्त औषध आले. नव्हती ती यंत्रणा. पॅरन १९३६ साली अमेरिकेचे सर्जन जनरल झाले आणि १९३८ मध्ये लैंगिक रोगांच्या नियंत्रणाचा कायदा झाला. त्यात पहिल्या वर्षी ३० लाख, दुसऱ्या वर्षी ५० लाख आणि तिसऱ्या वर्षी ७० लाख डॉलर राज्यांना देण्याची तरतूद होती. १९४३ मध्ये जॉन महोनी यांनी चार रुग्णांना पेनिसिलिन दिले आणि वर्षभराहून अधिक चालणारे उपचार काही दिवसांवर आले. १९४६ मध्ये प्राथमिक व द्वितीय अवस्थेतील सिफिलिसचे सुमारे ९५ हजार रुग्ण नोंदले गेले होते. १९५६-५७ मध्ये हा आकडा साडेसहा हजारांच्या आसपास उतरला.

हे सारे पेनिसिलिनने केले, असे आपण सहज म्हणतो. इथेच जरा थांबायला हवे.

सिफिलिसचा पहिला व्रण दुखत नाही आणि उपचाराविना भरूनही येतो. माणसाला वाटते, बरे झाले. तो दवाखान्यात येतच नाही. कुणीतरी त्याच्याकडे जावे लागते. संसर्ग झाल्यापासून व्रण दिसेपर्यंत साधारण तीन आठवडे लागतात, कधी दहा दिवस, कधी नव्वद. या मधल्या काळात जोडीदाराला गाठून पेनिसिलिन दिले, तर त्याच्यात रोग उभाच राहत नाही आणि पुढची साखळी तुटते. यासाठी तपासनीस नेमलेले असत. रुग्णाशी बोलून, त्याचा विश्वास मिळवून जोडीदारांची नावे घ्यायची, मग पत्ता शोधत त्या घरी जायचे आणि नाव कुणी सांगितले हे मात्र शेवटपर्यंत सांगायचे नाही. या कामाला महागडी उपकरणे लागत नाहीत. माणसे लागतात, त्यांचे पगार आणि प्रवासखर्च लागतो. अंदाजपत्रकात ही रक्कम फार निरुपद्रवी दिसते. कापली तर लगेच कुणी ओरडत नाही.

तशी ती कापली गेली. रुग्ण कमी झाले, औषध कोणताही डॉक्टर देऊ शकतो, मग वेगळी यंत्रणा कशाला, असा युक्तिवाद होता. १९५५ पर्यंत केंद्रीय तरतूद चाळीसच्या दशकाच्या अखेरीस होती त्याच्या चतुर्थांशाहूनही खाली आली. खाजगी डॉक्टरांनी समोरच्या रुग्णाला इंजेक्शन दिले खरे, पण बहुतेक रुग्णांची नोंद त्यांनी आरोग्य खात्याला कळवलीच नाही. तेव्हा जोडीदारांपर्यंत जाणार कोण?

शिक्षकांनी पैशाची आणि रुग्णांची अशा दोन रेषा फळ्यावर काढून पाहाव्यात. पैशाची रेषा घसरू लागली तरी रुग्णांची रेषा काही काळ खालीच होती. तेवढ्यात कपात योग्य ठरल्यासारखी वाटली. पुढे १९६० मध्ये रुग्ण १६ हजारांवर गेले, १९६५ मध्ये २३ हजारांवर. त्या काळात समाजही बदलत होता, हे खरे. पण पेनिसिलिन तेच होते. या जंतूवर ते आजही लागू पडते. प्रयोगात एक घटक स्थिर ठेवून दुसरा बदलावा, तसेच हे नकळत घडले.

१९६१ मध्ये सर्जन जनरलनी एक कृतिगट नेमला, पैसा पुन्हा वाढला आणि १९७२ पर्यंत रोगाचे उच्चाटन करण्याचे ठरले. ते झाले नाही. १९७२ साली उघडकीस आले ते टस्कीगी प्रकरण. सुमारे चारशे कृष्णवर्णीय सिफिलिस-रुग्णांना त्याच सरकारी आरोग्यसेवेने १९३२ पासून केवळ निरीक्षणासाठी उपचारांविना ठेवले होते. तपासनीसाला दार उघडावे, असे मग त्या वस्त्यांतल्या माणसांना का वाटावे? हे नुकसान कोणत्याही तरतुदीने भरून येणारे नव्हते.

त्यानंतरही आलेख असाच हिंदकळत राहिला. १९९० मध्ये ५० हजारांवर, तर उच्चाटनाची नवी योजना १९९९ मध्ये जाहीर झाल्यावर २००० साली सहा हजारांच्या खाली. मग पुन्हा चढ. २००८ च्या मंदीनंतर स्थानिक आरोग्य खात्यांतली हजारो पदे गेली. या वेळी सर्वांत मोठी किंमत बालकांनी मोजली. गरोदर स्त्रीची वेळीच रक्ततपासणी होऊन प्रसूतीच्या किमान महिनाभर आधी पेनिसिलिन सुरू झाले, तर बाळाचा संसर्ग बहुधा टळतो. तरी जन्मजात सिफिलिसच्या नोंदी २०१२ मधील तीनशे-साडेतीनशेंवरून २०२२ मध्ये ३,७०० च्या वर गेल्या.

करोनाच्या साथीत या माग काढणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांची एक मोठी रक्कम मंजूर झाली होती. राज्यांनी माणसे नेमायला सुरुवातही केली. २०२३ च्या जूनमध्ये केंद्राच्या कर्जमर्यादेबाबत जो समझोता झाला, त्यात या रकमेतले उरलेले सुमारे ४० कोटी डॉलर काढून घेण्यात आले.