नाव कामावरून

यीस्टमधल्या एका विकराला जीवरसायनशास्त्रज्ञ ‘जुनं पिवळं विकर’ म्हणत. ते पिवळं दिसे, आणि पुढे आणखी एक पिवळं सापडलं, म्हणून हे ‘जुनं’. ते काय करतं, याचा नावात मागमूसही नव्हता. पेप्सिन, ट्रिप्सिन ही नावंही ज्याला सुचली त्याने ठेवलेली. एकाच विकराची चार नावं, तर कुठे एकाच नावाची दोन विकरं. संख्या वाढत गेली तसा हा घोळ आवरेनासा झाला.

१९५५ साली ब्रुसेल्सच्या जीवरसायनशास्त्र परिषदेत त्यावर खल झाला आणि पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय जीवरसायन संघाने विकर आयोग नेमला. अध्यक्ष केंब्रिजचे माल्कम डिक्सन. विकरांना रचनेवरून ओळखावं, तर तेव्हा एकाही विकराची त्रिमितीय रचना हाती नव्हती. लायसोझाइमची पहिली उकलली ती १९६५ मध्ये. विकर कोणती अभिक्रिया घडवतं एवढं मात्र परीक्षानळीत तपासता येत होतं. आयोगाने तोच निकष धरला.

१९६१ च्या अहवालात ७१२ विकरं सहा वर्गांत बसवली होती. प्रत्येकाला चार भागांचा क्रमांक मिळाला. तो पिनकोडसारखा डावीकडून वाचत गेलं की वर्तुळ लहान होत जातं. १.१.१.१ म्हणजे अल्कोहोल डिहायड्रोजनेज: पहिला आकडा ऑक्सिडीकरण-क्षपणाचा, दुसरा अल्कोहोल गटावर काम करण्याचा, तिसरा हायड्रोजन स्वीकारणाऱ्या सहविकराचा, चौथा निव्वळ अनुक्रमांक. आता गंमत पाहा. फळमाशीतलं हे विकर आणि आपल्या यकृतातलं विकर घडणीने अगदी निराळी आहेत, पण काम एक म्हणून क्रमांकही एकच. रचनेचा अभ्यास करणाऱ्यांना हे खटकतं. मला मात्र यात आयोगाचा प्रामाणिकपणा दिसतो. एकदा काम हा निकष म्हटल्यावर कुळ विचारायचं नाही.

जुन्या नावांची झाडाझडतीही चालू राहिली. वासराच्या जठरातलं, चीजसाठी दूध विरजणारं रेनिन आणि रक्तदाबाशी संबंधित, मूत्रपिंडातलं रेनिन यांची गल्लत होई. रोमन लिपीत फरक एका अक्षराचा, मराठीत तेवढाही नाही. शेवटी दूधवाल्याला कायमोसिन म्हणायचं ठरलं.

सातवा वर्ग यायला २०१८ साल उजाडलं. पेशीपटलातून आयन पलीकडे नेणारे पंप एटीपीचं जलविघटन करतात, म्हणून त्यांना तिसऱ्या वर्गात टाकलेलं होतं. जलविघटन हा खरं तर त्यांचा इंधनखर्च, काम वाहतुकीचं. सोडियम-पोटॅशियम पंप ३.६.३.९ वरून ७.२.२.१३ वर गेला. त्याचा जुना क्रमांक दुसऱ्या कोणाला दिला जात नाही.

१९९२ च्या छापील आवृत्तीत विकरं ३,१९६ झाली होती. आता यादी संगणकावरच वाढते आहे. ती सांभाळते संघाची नामकरण समिती. मूळ आयोग अहवाल देऊन १९६१ मध्येच विसर्जित झाला. तरी आजही नव्या विकराच्या क्रमांकाआधी ‘ईसी’ लिहितात, ती त्याच विकर आयोगाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं.