पाकक्रिया-प्रात्यक्षिके

प्रेक्षकांसमोर पदार्थ प्रत्यक्ष तयार करून दाखविणे व त्याबरोबरच साहित्य, प्रमाण, कृती आणि तीमागील कारणे यांचे विवरण करणे, यास पाकक्रिया-प्रात्यक्षिक म्हणतात. हे प्रात्यक्षिक पाककुशल आचारी, पाकशाळेतील शिक्षक, पाकपुस्तकाचे लेखक किंवा गृहविज्ञानाचे प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या करून दाखवितात. प्रेक्षक स्वतः रांधत नाही. तो पाहतो, ऐकतो, टिपून घेतो व पुष्कळदा शेवटी चाखतो. या दृष्टीने प्रात्यक्षिकाचे स्थान पाकपुस्तक आणि प्रत्यक्ष सरावाचा वर्ग यांच्या मध्ये आहे.

स्वयंपाकातील बरेचसे ज्ञान शब्दांत पकडता येत नाही. पाक एकतारी झाला की दोनतारी, मोहन किती कडकडीत असावे, भाजणी खमंग झाली हे कोणत्या वासावरून ओळखावे, कणकेचा उंडा किती सैल असावा, या गोष्टी वाचून कळण्यापेक्षा पाहून लवकर कळतात. म्हणून सर्व समाजांत हे ज्ञान प्रायः आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे किंवा उस्तादाकडून उमेदवाराकडे चुलीजवळच संक्रमित होत आले. औद्योगिकीकरणामुळे कुटुंबे गावाकडून शहरात आली, स्त्रिया कारखान्यांत काम करू लागल्या व ही परंपरा अनेक ठिकाणी खंडित झाली. पाकक्रियेच्या सार्वजनिक प्रात्यक्षिकांचा उदय या पार्श्वभूमीवर, मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील इंग्लंड व अमेरिका येथे झाला.

पूर्वपीठिका : अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये एडवर्ड किडर हा पक्वान्न-शिक्षक श्रीमंत घरांतील स्त्रियांना पेस्ट्री शिकविण्याचे वर्ग चालवीत असे. मात्र असे वर्ग लहान व खाजगी स्वरूपाचे होते. स्वयंपाकघर ही लोकांनी येऊन पाहावी अशी जागा आहे, ही कल्पना रुजविण्याचे श्रेय बऱ्याच अंशी आलेक्सी स्वाये (१८१०–५८) या फ्रेंच आचाऱ्याकडे जाते. लंडनमधील रिफॉर्म क्लबच्या नव्या वास्तूत त्याच्या कल्पनेनुसार उभारलेले स्वयंपाकघर १८४१ पासून वापरात आले. तेथील वायूच्या शेगड्या व यांत्रिक सोयी पाहण्यासाठी पाहुण्यांची रीघ लागे. आयर्लंडमधील भीषण दुष्काळात, १८४७ मध्ये, त्याने डब्लिन येथे सार्वजनिक रस्सागृह उभारले. त्याच्या उद्‌घाटनास शहरातील प्रतिष्ठित मंडळींना निमंत्रण होते. भुकेल्यांचे जेवण हा इतरांच्या पाहण्याचा विषय व्हावा, याबद्दल तत्कालीन वृत्तपत्रांतून कडक टीका झाली. क्रिमियाच्या युद्धात १८५५ मध्ये त्याने सैनिकांना उपलब्ध शिध्यातून सकस अन्न कसे शिजवावे, हे रुग्णालयांत व छावण्यांत स्वतः करून दाखविले. प्रात्यक्षिकाच्या इतिहासातील शिक्षण आणि देखावा हे दोन्ही प्रवाह अशा रीतीने स्वायेच्याच चरित्रात एकत्र आढळतात.

पाकशाळांचा काल : लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात १८७३ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात जे. सी. बकमास्टर यांची पाकक्रियेवरील व्याख्याने झाली. व्याख्यान चालू असता त्यांचे साहाय्यक श्रोत्यांसमोर पदार्थ तयार करीत. या व्याख्यानांना लाभलेल्या प्रतिसादातून १८७४ मध्ये त्याच भागात राष्ट्रीय पाकप्रशिक्षण शाळा स्थापन झाली. येथे प्रात्यक्षिक पाहण्याचे वर्ग व स्वतः रांधण्याचे वर्ग वेगळे ठेवण्यात आले. विद्यार्थिनीने प्रथम पाहावे, नंतर करावे व शेवटी इतरांना करून दाखवावे, असा हा क्रम होता. कामगारवर्गाला परवडणारी भांडी व साहित्य वापरून स्वयंपाक करण्याचा सरावही अभ्यासक्रमात होता. लिव्हरपूल येथे १८७५ मध्ये फॅनी कॅल्डर यांच्या पुढाकाराने अशीच शाळा निघाली. पुढे १८८२ मध्ये इंग्लंडच्या शिक्षण खात्याने प्राथमिक शाळांतील मुलींच्या पाकशिक्षणास अनुदान मंजूर केले. त्यामुळे प्रशिक्षित प्रात्यक्षिक-शिक्षिकांना कायमची मागणी निर्माण झाली आणि सुशिक्षित स्त्रियांना अर्थार्जनाचे एक प्रतिष्ठित क्षेत्र खुले झाले.

या काळातील सर्वांत यशस्वी व्यावसायिक प्रात्यक्षिककार ॲग्नेस मार्शल (मृत्यू १९०५) ही होय. तिने १८८३ मध्ये लंडनच्या मॉर्टिमर मार्गावर पाकशाळा सुरू केली आणि १८८५ मध्ये बर्फाच्या गोड पदार्थांवरील पुस्तक प्रसिद्ध केले. १८८६ पासून द टेबल हे तिचे साप्ताहिक निघू लागले. १८८८ मध्ये तिने इंग्लंडमधील मोठ्या शहरांतून दौरा काढला व सभागृहांतील शेकडो प्रेक्षकांसमोर संपूर्ण भोजन तयार करून दाखविले. आइस्क्रीमचे यंत्र, साचे व भाजणचूर्ण या वस्तू तिच्या दुकानात विकत मिळत. शाळा, व्याख्यान, पुस्तक, नियतकालिक आणि दुकान यांची तिने घातलेली सांगड विसाव्या शतकातील नामवंत पाककारांनी जवळजवळ जशीच्या तशी उचलल्याचे दिसते.

पॅरिसमध्ये मार्त दिस्तेल हिने १८९५ मध्ये पाकक्रियेला वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले. त्याच्या वाचकांसाठी नामांकित आचाऱ्यांची प्रात्यक्षिके आयोजित करण्यात आली व त्यांतूनच ‘ल कॉर्दों ब्ल्यू’ ही जगप्रसिद्ध पाकशाळा उदयास आली. व्यावसायिक आचाऱ्यांच्या संघटित वर्तुळापुरते मर्यादित असलेले कसब त्यामुळे घरगुती स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या दृष्टिपथात आले.

अमेरिका : न्यूयॉर्क येथे जूलिएट कॉर्सन हिने १८७६ मध्ये आणि बॉस्टन येथे स्त्रियांच्या एका शिक्षणसंस्थेने १८७९ मध्ये पाकशाळा काढली. गरीब स्त्रियांना उपजीविकेचे साधन मिळावे हा बॉस्टन शाळेचा मूळ हेतू होता. तथापि मराया पार्लोआ, मेरी लिंकन यांसारख्या शिक्षिकांची प्रात्यक्षिके पाहण्यास मध्यमवर्गीय गृहिणीच अधिक संख्येने येऊ लागल्या. याच शाळेत शिकून पुढे तिची प्रमुख झालेल्या फॅनी फार्मर (१८५७–१९१५) हिचे १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेले पाकपुस्तक अतिशय गाजले. सपाट भरलेला पेला व सपाट भरलेला चमचा ही मापे तिने कटाक्षाने रूढ केली. मोठ्या सभेत दाखविलेली कृती प्रत्येक प्रेक्षकाला घरी तशीच साधावयाची, तर ‘अंदाजे’ हा शब्द पुरत नाही. प्रात्यक्षिकाच्या गरजेतून मोजमापाच्या काटेकोरपणाला असे बळ मिळाले. फार्मरने १९०२ मध्ये स्वतंत्र शाळा काढली. रुग्णांच्या आहारावर तिचा विशेष भर होता. पक्षाघाताने चालणे अशक्य झाल्यानंतरही ती चाकांच्या खुर्चीत बसून प्रात्यक्षिक-व्याख्याने देत राहिली.

सार्वजनिक प्रात्यक्षिकाच्या मर्यादाही याच शहरात स्पष्ट झाल्या. एलेन रिचर्ड्‌स (१८४२–१९११) ही रसायनशास्त्रज्ञ आणि मेरी हिनमन एबल यांनी १८९० मध्ये बॉस्टनमध्ये ‘न्यू इंग्लंड किचन’ सुरू केले. स्वस्त व पौष्टिक अन्न शास्त्रीय पद्धतीने कसे शिजवावे, हे गरीब वस्तीतील लोकांनी पाहावे आणि तेथून तयार अन्न विकतही घ्यावे, अशी ही योजना होती. अन्न स्वच्छ होते, किंमत माफक होती व पोषणमूल्यांचा हिशेबही चोख होता. परंतु आयर्लंड, इटली इत्यादी देशांतून आलेल्या श्रमिकांनी या सौम्य चवीच्या अन्नाकडे पाठ फिरविली. त्यांना काय आवडते व त्यांच्या घरी काय शिजते, याचा विचार योजनेच्या आखणीत झालेला नव्हता. शिकविणाऱ्याने प्रेक्षकांच्या चुलीची व जिभेची माहिती आधी करून घेतली पाहिजे, हा या अपयशाचा धडा पुढील आहारशिक्षकांना मार्गदर्शक ठरला. शिकागोच्या १८९३ मधील जागतिक प्रदर्शनात रिचर्ड्‌स यांचे आदर्श स्वयंपाकघर व सेरा टायसन रोरर हिची मक्याच्या पदार्थांची प्रात्यक्षिके ठेवण्यात आली होती.

ग्रामीण भागात वेगळा प्रयोग झाला. स्मिथ-लीव्हर कायद्यान्वये १९१४ पासून अमेरिकेत कृषिविस्तार-सेवेची उभारणी झाली. तीत नेमलेल्या गृहप्रात्यक्षिक-कार्यकर्त्या गावोगावी जाऊन फळे-भाज्या डबाबंद करणे, पाव भाजणे इ. गोष्टी शेतकरी स्त्रियांच्याच स्वयंपाकघरात करून दाखवीत. पाहणाऱ्यांच्या घरचे साहित्य व साधने वापरल्यामुळे या प्रात्यक्षिकांचा परिणाम टिकाऊ ठरला.

इंधन, उपकरणे व युद्धकाल : वायू व वीज पुरविणाऱ्या कंपन्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून प्रात्यक्षिकांना मोठा आश्रय दिला. स्फोटाची भीती व अन्नाला वास लागेल हा समज दूर करण्यास जाहिरातीपेक्षा प्रत्यक्ष भाजलेला केक अधिक उपयोगी पडे. या कंपन्यांच्या दालनांत प्रेक्षकांना ओट्यावरील भांड्याच्या आत दिसावे म्हणून वर तिरका आरसा टांगण्याची युक्ती रूढ झाली. दीर्घकाळ शिजणारा पदार्थ निरनिराळ्या अवस्थांत आधीच तयार ठेवण्याची पद्धतही अशा मंचावरच विकसित झाली.

दुसऱ्या महायुद्धात प्रात्यक्षिकाला राष्ट्रीय महत्त्व आले. ब्रिटनमध्ये ८ जानेवारी १९४० पासून लोणी, साखर आणि खारवलेले डुकराचे मांस यांचे नियंत्रित वाटप सुरू झाले. अन्न मंत्रालयाच्या सल्लागार स्त्रिया बाजारपेठा, कारखान्यांची उपाहारगृहे, रुग्णालये व फिरत्या गाड्या यांतून बटाटे, गाजरे, अंड्याची भुकटी इत्यादींचे पदार्थ करून दाखवीत. मार्गरीट पॅटन (१९१५–२०१५) ही त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध होय. येथे खोट्या थाटाला वाव नव्हता. प्रत्येक गृहिणीजवळ जेवढा शिधा असे, तेवढ्यातच पदार्थ साधून दाखवावा लागे. नियंत्रण ४ जुलै १९५४ रोजी संपूर्ण उठले. त्यानंतरच्या काळात पॅटनने लंडन पॅलेडियमसारख्या मोठ्या नाट्यगृहांतही प्रात्यक्षिके केली. युद्धकाळातील काटकसरीची शिकवण देणारीच पुढे सुबत्तेच्या काळातील रंगमंचावर लोकप्रिय ठरली.

दूरचित्रवाणीचा परिणाम : बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर १९३७ मध्ये मार्सेल बूलेस्तँ (१८७८–१९४३) याने केलेली प्रात्यक्षिके या माध्यमातील आद्य पाककार्यक्रमांत गणली जातात. अमेरिकेत १९४६ मध्ये जेम्स बिअर्ड याचा कार्यक्रम सुरू झाला. जूल्या चाइल्ड (१९१२–२००४) हिने पॅरिसच्या ‘ल कॉर्दों ब्ल्यू’ शाळेत १९४९ मध्ये प्रवेश घेतला. तेथे सकाळी स्वतः रांधणे व दुपारी आचाऱ्यांची प्रात्यक्षिके पाहणे, असा तिचा क्रम होता. १९६१ मध्ये तिचे सहलेखिकांसमवेत लिहिलेले फ्रेंच पाकक्रियेवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्या निमित्ताने बॉस्टनच्या दूरचित्रवाणी केंद्रावर तिने ऑम्लेट करून दाखविले आणि त्यास मिळालेल्या प्रतिसादातून १९६३ मध्ये द फ्रेंच शेफ ही मालिका निघाली. झालेली चूक न लपविता ती सावरून कशी घ्यावी, हेही ती दाखवीत असे. बीबीसीवर १९८२ मध्ये मधुर जाफरी हिने भारतीय पाकक्रियेचे कार्यक्रम सादर केले व ब्रिटिश घरांत मसाल्यांचा परिचय वाढविला.

दूरचित्रवाणीमुळे प्रत्यक्ष प्रात्यक्षिके बंद पडतील, हा अंदाज मात्र खरा ठरला नाही. पडद्यावर पाहिलेल्या पाककाराला समक्ष पाहण्याची, त्याला शंका विचारण्याची व त्याच्या हातचे चाखण्याची इच्छा उलट बळावली. अमेरिकेतील ॲस्पेन येथे १९८३ पासून भरू लागलेल्या अन्नमहोत्सवासारख्या कार्यक्रमांत अशा प्रात्यक्षिकांना मानाचे स्थान आहे. पडद्यातून वास, चव व उष्णता पोहोचत नाही. फोडणी करपण्यापूर्वीचा नेमका क्षण पुष्कळदा नाकालाच कळतो.

भारत व महाराष्ट्र : स्वातंत्र्योत्तर काळात अन्नधान्याच्या टंचाईमुळे पर्यायी अन्नपदार्थांच्या प्रचाराची निकड भासली. लीलावती मुनशी यांच्या नेतृत्वाखालील अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने या क्षेत्रात कार्य केले. तिच्याच प्रयत्नांतून १९५४ मध्ये मुंबईत आहारव्यवस्थेचे प्रशिक्षण देणारी संस्था उभी राहिली व थंगम फिलिप यांच्या कारकीर्दीत ती नावारूपास आली. तरला दलाल (१९३६–२०१३) यांनी १९६६ मध्ये मुंबईत घरीच पाकवर्ग सुरू केले. त्या वर्गांच्या यशातून १९७४ मध्ये शाकाहारी पाकक्रियेवरील त्यांचे पहिले पुस्तक आले. कमलाबाई ओगले यांच्या रुचिरा (१९७०) या पुस्तकातील वाटी-चमच्याच्या प्रमाणांमुळे मराठी घरांतील अंदाजाच्या स्वयंपाकाला लेखी शिस्त लाभली. महिला मंडळे, गृहविज्ञान महाविद्यालये तसेच प्रेशर कुकर व स्वयंपाकाचा वायू यांचे विक्रेते यांनी शहरांतून प्रात्यक्षिकांचा प्रसार केला. ग्रामीण व आदिवासी भागांत १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाड्यांमधून पोषण-शिक्षण दिले जाते. नाचणी, शेंगदाणे, पालेभाज्या या स्थानिक पदार्थांचा बालकांच्या आहारात उपयोग करून दाखविणे, हा त्याचा उपयुक्त प्रकार होय.

मूल्यमापन : प्रात्यक्षिक हे शिक्षण, करमणूक व विक्री यांचे मिश्रण आहे आणि या तिहींचे प्रमाण काळानुसार बदलत आले आहे. केवळ पाहिल्याने हात वळत नाही, म्हणून साउथ केन्सिंग्टनच्या शाळेने आखलेला पाहणे, करणे व दाखविणे हा क्रम आजही ग्राह्य वाटतो. स्वयंपाकासारखे घरगुती, बिनमोलाचे व स्त्रीच्या वाट्याला आलेले काम सभागृहात मांडून त्यातील कौशल्य लोकांना दिसू लागले, हे या प्रथेचे मोठे सामाजिक फलित होय. तथापि मंचावरील साहित्य प्रेक्षकांच्या आवाक्याबाहेर गेले, की शिकवण मागे पडून देखावा उरतो. ज्या प्रात्यक्षिकांनी लोकांच्या आहारात खरोखर बदल घडविला, त्यांत सामान्यतः पाहणाऱ्याच्याच घरचे धान्य, भांडे व इंधन वापरलेले आढळते.