घोरण्याच्या प्लेटची कुळकथा

झोपेत श्वास अडणाऱ्यांना दंतवैद्य जी प्लेट बनवून देतात, ती मुळात झोपेसाठी जन्मलेली नाही. तिचं मूळ शस्त्रक्रियेच्या टेबलावर आहे. क्लोरोफॉर्म चढला की रोग्याचे स्नायू ढिले पडतात, खालचा जबडा मागे सरकतो, त्याच्यासोबत जीभ घशावर पडते आणि श्वास कोंडतो. १८७४ मध्ये नॉर्वेचे याकोब हायबर्ग यांनी यावरची युक्ती लिहून ठेवली: जबड्याच्या कोनामागे बोटं लावायची आणि जबडा पुढे ढकलायचा. पुढे ती जर्मन लष्करी शल्यचिकित्सक फ्रीडरिश फॉन एस्मार्ख यांच्या नावाने रूढ झाली. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात असो की मुंबईत, भूल देणाऱ्या डॉक्टरांचा हात आजही तिथेच जातो.

बोटांचं काम प्लेटकडे आलं ते लहान मुलांमुळे. पॅरिसचे पिएर रोबँ यांनी १९०२ मध्ये वरच्या-खालच्या दातांवर एकत्र बसणारा एकसंध ठोकळा केला, आणि १९२३ मध्ये आखूड जबड्याच्या बाळांची जीभ मागे पडून श्वास कसा अडतो ते मांडलं. म्हणजे सगळं हाताशी होतं. दुखणं ओळखलेलं, कारण कळलेलं, साधनही तयार. तरी घोरणाऱ्या मोठ्या माणसांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. डेन्मार्कचे व्हिगो आंद्रेसन यांनी सुट्टीला निघालेल्या आपल्या मुलीला रात्री घालायला तशीच एक प्लेट दिली. ती परतली तेव्हा तिच्या दातांची ठेवण सुधारलेली होती, असं सांगतात. झालं! ही विद्या दात सरळ करणाऱ्यांच्या घरी नांदायला गेली आणि पुढची कित्येक दशकं तिथेच राहिली. माझ्या मते यात दोष दंतवैद्यांचा कमी, आपल्या समजुतीचा जास्त. घोरणाऱ्याला ‘काय गाढ झोपलाय’ म्हणणाऱ्या घरात त्याला दवाखान्यात कोण नेणार?

१९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा दाब देणारं सीपॅप मशीन पुढे आणलं, तेव्हा या दुखण्याला उपचार आहे हे जगाला पटलं. पाठोपाठ १९८४ मध्ये जर्मनीत मायर-एवर्ट यांनी जबडा पुढे धरणारी प्लेट घोरणाऱ्यांना दिली आणि तिला नाव दिलं एस्मार्खचं. शंभर वर्षांनी युक्ती मूळ घराण्यात परतली.

श्वास अडण्याचे प्रकार सीपॅप अधिक कमी करतं, यात वाद नाही. पण मुखवटा नकोसा होऊन तो काढून ठेवणारेही पुष्कळ. मे महिन्यात वर्ध्याच्या उकाड्यात गच्चीवर अंथरूण टाकणाऱ्याला प्लेट सोयीची, तिला वीज लागत नाही. मात्र आधी झोपेची तपासणी हवी. गरम पाण्यात मऊ करून चावायची तयार प्लेट घेऊन भागत नाही, मापाचीच लागते. दोन्ही जबड्यांचं माप घेतात, जबडा जितका पुढे येऊ शकतो त्याच्या साधारण अर्ध्यापासून सुरुवात करतात आणि मग थोडं थोडं पुढे नेतात. सांधा दुखू शकतो, काही वर्षांत चावा बदलू शकतो, म्हणून फेरतपासणी चुकवून चालत नाही. आणि धरायला घट्ट दात पाहिजेत. कवळीवाल्यांचा इथे नाइलाज होतो.

विदर्भात आणखी एक अडचण आहे, खर्रा. तंबाखू, सुपारी, चुना घोटलेला तो खर्रा वर्षानुवर्षं गालात धरला की आतली त्वचा ताठरते आणि तोंड दोन बोटंही उघडत नाही. सावंगी (मेघे)च्या शरद पवार दंत महाविद्यालयातल्या डॉ. राजीव बोरले आणि सहकाऱ्यांनी नाकाशेजारच्या गालाची त्वचा आत वळवून हे तोंड मोकळं करण्याच्या शस्त्रक्रियेवर २००९ मध्ये लिहिलं आहे. मापाचा साचाच तोंडात जात नसेल तर प्लेट बनणार कशी? अशा माणसाचा आधी खर्रा सुटायला हवा, मग तोंड उघडण्याचे व्यायाम किंवा शस्त्रक्रिया. घोरण्यासाठी तोवर सीपॅपच.