सुरजागडची खाण आणि शेअरचा भाव: मागणी-पुरवठा नेमका कसा चालतो?

१ जानेवारी २०२५ रोजी गडचिरोली जिल्ह्यातल्या कोनसरी येथे (तालुका चामोर्शी) लॉइड्स मेटल्स अँड एनर्जी या कंपनीच्या कामगारांना कंपनीचे शेअर देण्यात आले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस त्या वेळी हजर होते. २०२० साली हाच शेअर वीस रुपयांच्या आत मिळत होता. कामगारांच्या हाती आला तेव्हा त्याने हजाराचा टप्पा ओलांडलेला होता.

सुरजागडचा डोंगर २०२० मध्येही तिथेच होता आणि त्यातले लोहखनिजही तेवढेच होते. मग बदलले काय?

तेंदूपत्त्यापासून सुरुवात करू

मागणी आणि पुरवठा म्हणजे काय, हे चंद्रपूर-गडचिरोलीत कुणाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पहाटे जंगलात जायचे, पाने तोडायची, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि फळीवर नेऊन द्यायचे. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. वनहक्क आणि पेसा कायद्यानंतर अनेक ग्रामसभा स्वतःच लिलाव करतात. बिडी कारखान्यांकडून मागणी असली आणि ठेकेदार जास्त आले की गोणीचा दर चढतो. गोदामात आदल्या वर्षीचा साठा पडून असला की ठेकेदार फिरकत नाहीत. २०१७ च्या हंगामात गडचिरोलीतल्या ग्रामसभांना भरघोस दर मिळाले आणि पुढच्याच वर्षी ते घसरले. पान तेच होते, तोडणारे हातही तेच होते.

शेअर बाजारातही लिलावच असतो, फक्त तो सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन सतत चालू राहतो. एका बाजूला विकणाऱ्यांचे भाव, दुसऱ्या बाजूला घेणाऱ्यांचे. दोन्ही जुळले की सौदा होतो आणि शेवटच्या सौद्याचा आकडा आपल्याला मोबाइलवर ‘भाव’ म्हणून दिसतो. घेणारेच आहेत आणि विकायला कुणीच तयार नाही, अशी वेळ आली की ‘अप्पर सर्किट’ लागते. उलटे झाले की ‘लोअर सर्किट’.

पण एक मोठा फरक आहे. तेंदूपत्त्याला चांगला दर मिळाला, तर अधिक घरे तोडणीला जातात आणि पुरवठा थोडाफार वाढतो. शेअरची संख्या मात्र रोज वाढत नाही. त्यातही निम्म्याहून अधिक शेअर प्रवर्तकांकडे असले, तर रोजच्या बाजारात फिरणारा माल आणखी कमी. अशा वेळी मागणी थोडी जरी वाढली तरी भाव उसळतो आणि थोडी आटली तरी आपटतो.

दुसरा फरक असा की, तेंदूपत्ता घेणारा पान घेतो. शेअर घेणारा पुढच्या दहा-वीस वर्षांच्या नफ्याचा अंदाज विकत घेतो.

धोका कमी झाला की पैसा येतो

सुरजागडला खाणपट्टा मिळाला २००७ मध्ये, सुमारे ३४८ हेक्टरवर. पण काम सुरू होणे वेगळे. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी या परिसरात ७० हून अधिक वाहने जाळली. अशा जागी पैसा घालायला कोण तयार होणार? खनिजाला मागणी होती, पण ते काढण्यासाठी लागणाऱ्या भांडवलाचा पुरवठा नव्हता. धोका जितका जास्त, तितका पैसेवाला जास्त परतावा मागतो किंवा सरळ दुसरीकडे जातो.

२०२१ मध्ये खाणकाम नव्याने सुरू झाले. २०२३ मध्ये वार्षिक उत्खनन ३० लाख टनांवरून १ कोटी टनांपर्यंत नेण्यास पर्यावरण मंजुरी मिळाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत आत्मसमर्पण केले. भाव वर-खाली करतात ते अशा बातम्यांतून बदलणारे अंदाज.

एटापल्ली तालुक्यात तोडगट्टा येथे २०२३ मध्ये खाणी आणि रस्त्यांविरोधात गावकऱ्यांनी कित्येक महिने ठिय्या दिला. गुंतवणूकदाराच्या कागदावर हा ‘प्रकल्पाचा धोका’ असतो. तिथे बसलेल्या माडिया कुटुंबांसाठी प्रश्न जंगलाचा, पाण्याचा आणि देवस्थानांचा होता. बाजारभावात यातले फक्त तेवढेच उतरते, जेवढ्याने काम थांबू शकते.

चीनमध्ये भट्टी मंदावली की

लोहखनिजाचा भाव गडचिरोलीत ठरत नाही. जगात समुद्रमार्गे जाणाऱ्या लोहखनिजाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक चीन आहे. मे २०२१ मध्ये जागतिक भाव टनाला २३० डॉलरच्या वर गेला होता. चीनने पोलाद उत्पादनावर लगाम घातला, तिथला बांधकाम व्यवसाय अडचणीत आला आणि नोव्हेंबरपर्यंत हा भाव ९० डॉलरच्या खाली उतरला.

सरकारही तराजू हलवते. २१ मे २०२२ रोजी केंद्राने लोहखनिजावर ५० टक्के निर्यात शुल्क जाहीर केले आणि पोलादाच्या अनेक प्रकारांवरही शुल्क लावले. माल देशातच राहावा आणि किमती उतराव्यात, हा हेतू. पुढचा बाजार उघडला तेव्हा टाटा स्टील आणि जेएसडब्ल्यू स्टील एका दिवसात दहा टक्क्यांहून अधिक कोसळले. त्या दिवशी कुठल्याही भट्टीत बिघाड झाला नव्हता. नोव्हेंबरमध्ये हे शुल्क बहुतांशी मागे घेतले गेले.

भाव वाढला, तर पैसा कुणाला?

इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. शेअर शंभरावरून हजारावर गेला म्हणजे कंपनीच्या तिजोरीत नऊशे रुपये आले, असे नाही. नागपूरच्या एका माणसाने पुण्याच्या दुसऱ्या माणसाला शेअर विकला, तर पैसा पुण्याहून नागपूरला जातो. कोनसरीला एक रुपयाही पोहोचत नाही.

कंपनीला पैसा मिळतो तो नवे शेअर काढून विकले तेव्हा. लॉइड्सने २०२४ मध्ये ‘क्यूआयपी’ मार्गाने, म्हणजे म्युच्युअल फंडांसारख्या मोठ्या संस्थांना नवे शेअर देऊन, बाराशे कोटींहून अधिक रुपये उभे केले. चढ्या भावाचा खरा उपयोग इथे होतो. समजा कंपनीला १,००० कोटी हवे आहेत. शेअर ५० रुपयांना असेल तर २० कोटी नवे शेअर द्यावे लागतील, ५०० रुपयांना असेल तर फक्त २ कोटी. भाव चढा असेल तर भांडवल स्वस्त पडते आणि जुन्या भागधारकांचा वाटा कमी पातळ होतो.

कर्जाचेही तसेच. तिथे भावाला व्याजदर म्हणतात. मे २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवर आणला होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५ टक्के झाला. ठेवीवर व्याज कमी मिळू लागले की बचत बाजाराकडे वळते. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे ४ कोटी डिमॅट खाती होती, चार वर्षांत ती १५ कोटींच्या पुढे गेली. एप्रिल २०२४ मध्ये ‘एसआयपी’तून येणारा पैसा प्रथमच महिन्याला २०,००० कोटींवर पोहोचला. एवढा पैसा दर महिन्याला शेअर शोधत फिरत असेल, तर चांगल्याबरोबर वाईट शेअरचेही भाव फुगतात.

कामगाराच्या हातातला शेअर

पगार महिन्याला ठरलेला असतो, शेअरचे तसे नाही. कोनसरीतला कामगार जिथे राबतो, तिथेच त्याची बचतही अडकलेली असेल, तर खनिजाचा जागतिक भाव पडल्यावर कामाचे तास आणि शेअरची किंमत एकाच वेळी घटू शकते. शिवाय कागदावरची किंमत विकल्याशिवाय हातात येत नाही आणि सगळेच एकदम विकायला निघाले तर ती किंमत टिकत नाही. फळीवर एकाच दिवशी सगळी गावे पाने घेऊन आली तर काय होते, हे एटापल्लीत वेगळे सांगावे लागत नाही.

दिवाळखोरीत गेलेल्या कंपनीत तर भागधारकाचा नंबर शेवटचा. बँका आणि इतर देणेकरी आधी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावाचे नाव लावणारी बल्लारपूर इंडस्ट्रीज ही कागद कंपनी जानेवारी २०२० मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. एकेकाळी देशातल्या मोठ्या कागद उत्पादकांत तिची गणना होत होती.

ज्यांच्याकडे शेअर आहेत, त्यांना प्रवर्तकांचा वाटा किती आणि त्यातला किती गहाण आहे, हे दर तिमाहीला शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर फुकट पाहता येते. नवे शेअर काढण्याची घोषणाही तिथेच आधी येते.