पदवीच्या वर्गांत गणकयंत्र आलें तेव्हां

बारावी उत्तीर्ण झालेली मुलगी 'मी संगणकशास्त्र घेणार' असें म्हणते, तेव्हां आज घरांतील कोणासही नवल वाटत नाहीं. परंतु हा विषय पदवीच्या विद्यार्थ्यांस शिकवावा कीं नाहीं, आणि शिकवावयाचा तर कसा, हा आपल्या देशांत एके काळीं मोठाच प्रश्न होता. त्याचें उत्तर कानपुरास कसें मिळालें, तें आज थोडक्यांत पाहूं.

गणकयंत्र त्यापूर्वीं भारतांत नव्हतें असें नाहीं. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेंत तें आलेलें होतें, आणि मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं स्वतः बांधलेलें 'टिफ्रॅक' १९६० सालीं चालू झालें होतें. परंतु हीं यंत्रें मुख्यतः संशोधकांसाठीं होतीं. विशीच्या आंतील विद्यार्थ्यानें त्यांस हात लावावा, ही कल्पना अद्याप रूढ व्हावयाची होती.

कानपूरची भारतीय तंत्रज्ञान संस्था १९५९ सालीं स्थापन झाली. १९६२ पासून दहा वर्षें अमेरिकेंतील नऊ विद्यापीठांचें साहाय्य तिला लाभलें, आणि १९६३ सालीं 'आयबीएम १६२०' हें यंत्र तेथें येऊन पोहोंचलें. त्याच्या उभारणीसाठीं आलेल्या मंडळींत हॅरी हस्की हे होते. इंग्लंडांत ॲलन ट्युरिंग यांच्या यंत्रावर काम केलेले हे गृहस्थ. त्या काळीं बहुतेक ठिकाणीं रीत अशी कीं, आपलीं पत्रें खिडकींतून कारकुनाच्या हातीं द्यावीं आणि उत्तरासाठीं मागाहून यावें. कानपुरास मात्र विद्यार्थ्यांस यंत्राजवळ जाऊन आपलें काम आपण चालविण्याची मुभा मिळाली. इतकें महाग यंत्र पोरांच्या हातीं कां द्यावें, असा प्रश्न कोणासही सुचावा. पण पोहणें शिकावयाचें तर पाण्यांत उतरावेंच लागतें.

हें यंत्रही मोठें गमतीचें होतें. त्याच्या मूळच्या नमुन्यांत बेरजेसाठीं वेगळें मंडल नव्हतेंच. आपल्याकडे जुन्या शाळांतून पाढे घोकून घेत, तशींच बेरजेचीं व गुणाकाराचीं कोष्टकें त्याच्या स्मरणांत भरावीं लागत, आणि प्रत्येक हिशेबास तें त्यांत पाहून उत्तर काढी. कोष्टक बिघडलें कीं हिशेबही चुके. यंत्राला स्वतःची अक्कल नसते, हें विद्यार्थ्यांस याहून चांगलें कोण शिकविणार?

आज्ञावली लिहावयाची ती १९५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'फोर्ट्रान' भाषेंत. एकेक ओळ ऐंशी रकान्यांच्या एकेका पत्रावर छिद्रें पाडून उतरावयाची. एखादा स्वल्पविराम चुकला किंवा गठ्ठ्यांतील पत्रांचा क्रम बिघडला, कीं सारा खटाटोप पुन्हां. येथें रदबदलीचा कांहीं उपयोग नसे. आपण मनांत काय योजिलें होतें तें नव्हे, तर कागदावर काय लिहिलें, तेंच यंत्र पाही. विचार स्वच्छ नसेल तर आज्ञा स्वच्छ होत नाहीं, हा या शिक्षणाचा पहिला धडा. अभियांत्रिकीच्या कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्यास तो मिळावा, म्हणून आज्ञावलीलेखन सर्वांच्याच अभ्यासक्रमांत घालण्यांत आलें.

हें काम ज्यांनीं वाढविलें त्यांत वैद्येश्वरन् राजारामन् यांचें नांव अग्रभागीं येतें. त्यांचें आज्ञावलीलेखनावरील पुस्तक १९६९ सालीं निघालें, आणि ज्यांनीं कानपूर कधीं पाहिलें नाहीं अशा विद्यार्थ्यांपर्यंत तो वर्ग जाऊन पोहोंचला.

तथापि या विषयाची स्वतंत्र पदवी कानपुरास सुरू झाली ती १९७८ सालीं, म्हणजे यंत्र आल्यानंतर पंधरा वर्षांनीं. उच्च शिक्षणांत हा विषय आधींच शिरला होता. पदवीच्या दारांत मात्र तो दीर्घकाळ थांबला. गणकयंत्र हें एक हत्यार. हत्यारासाठीं स्वतंत्र शास्त्र कशाला, हा एक पक्ष. शिवाय देशांत यंत्रें मोजकीं, आणि तीं कारकुनांच्या पोटावर पाय आणतील या भयानें कामगार संघटनांचा विरोध. मग या पदवीधरांस काम कोठें मिळावें? दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, आज्ञावली रचणें ही निव्वळ कारागिरी राहिलेली नाहीं. १९६८ सालीं जर्मनींतील गार्मिश येथें भरलेल्या परिषदेंत याच कारणास्तव 'सॉफ्टवेअर अभियांत्रिकी' हा शब्द पुढें आला होता. कामें वाढत होतीं, खर्च हाताबाहेर जात होता, आणि केवळ हुशारीवर भागेनासें झालें होतें.

शेवटीं दुसरा पक्ष जिंकला, हें आपण पाहतोंच. परंतु पहिल्या पक्षाच्या म्हणण्यांतही सत्याचा अंश होता. फोर्ट्रानच्या मागून अनेक भाषा आल्या, छिद्रांचीं पत्रें गेलीं, आणि तें यंत्रही इतिहासजमा झालें. जो केवळ हत्यार शिकला, त्याची विद्या हत्याराबरोबर जुनी झाली. जो प्रश्नाची फोड करावयास व आपली चूक आपण शोधावयास शिकला, त्याची टिकली. पदवीसाठीं हा विषय निवडणाऱ्या मुलांनीं व त्यांच्या पालकांनीं कोणती भाषा शिकवितात हें अवश्य विचारावें. पण त्याआधीं विचार करावयास शिकवितात कीं नाहीं, हें विचारावें.