प्लगची साक्ष

मे १९३० मधली गोष्ट आहे. आगाखानांनी एक बक्षीस जाहीर केले होते. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधले अंतर ठरावीक मुदतीत, विमानाने एकट्याने पार करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला पाचशे पौंड. मुंबईचे जे. आर. डी. टाटा कराचीहून लंडनकडे निघाले आणि अस्पी इंजिनियर हा सतरा वर्षांचा तरुण उलट दिशेने, इंग्लंडहून कराचीकडे. दोघांकडेही जिप्सी मॉथ जातीचे विमान. वाटेत इजिप्तमधल्या अबूकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी तिथे अडकून पडले होते. त्यांना हवे होते स्पार्क प्लग. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. अस्पी आधी पोहोचले, बक्षीस त्यांना मिळाले आणि जेआरडी काही तासांनी मागे राहिले. हेच अस्पी इंजिनियर पुढे १९६० मध्ये आपल्या हवाई दलाचे प्रमुख झाले.

ही गोष्ट दिलदारपणाची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण अंगठ्याएवढ्या वस्तूवाचून समुद्र ओलांडणारे विमान जमिनीवर बसून राहते, हेही तिच्यात आहे. आज मला या वस्तूविषयी बोलायचे आहे.

इंजिनात पेट्रोल पेटवायचे कसे, हा प्रश्न इंजिनाइतकाच जुना. १८६० साली पॅरिसमध्ये एतिएन लेन्वार यांनी गॅसवर चालणारे इंजिन केले, त्यात विजेची ठिणगी होती. पुढे इंजिनांचा वेग वाढला आणि जुन्या पद्धती अपुऱ्या पडू लागल्या. १९०२ मध्ये जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातले अभियंते गोटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा प्लग तयार केला. मोटारगाडी खऱ्या अर्थाने वेगाने धावू लागली ती त्यानंतर.

प्लगची रचना साधी आहे. मधोमध धातूची कांडी, तिच्याभोवती पांढरे चिनीमातीसारखे कवच, बाहेर आट्यांचा लोखंडी अंगरखा. खाली दोन टोकांमध्ये मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी फट. त्या फटीतून हजारो व्होल्टची ठिणगी उडते. मिनिटाला सहा हजार फेरे घेणारे चार स्ट्रोकचे इंजिन असेल, तर प्रत्येक प्लगला सेकंदाला पन्नास ठिणग्या द्याव्या लागतात. भोवती जळणाऱ्या वायूची उष्णता दोन हजार अंशांच्या वर.

शर्यतीच्या गाड्यांत हे कवचच आधी तडकायचे. इंग्लंडमधले शर्यतपटू केनेल्म ली गिनेस यांनी १९१२ च्या सुमारास चिनीमातीऐवजी अभ्रकाचे थर वापरून प्लग केले. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ते ‘केएलजी’ म्हणून गाजले. त्या काळी जगाला लागणाऱ्या अभ्रकाच्या पापुद्र्यांचा फार मोठा वाटा आपल्या कोडरमा-हजारीबागच्या खाणींतून जात असे. पुढे भाजलेल्या अ‍ॅल्युमिनाचे कवच आले, आणि आजही तेच आहे.

मी कविता लिहिणारा माणूस. इंजिनाचे शास्त्र मी कॉलेजात शिकलो नाही. जे कळले ते आमच्या पहूरच्या गॅरेजांच्या बाकड्यांवर बसून. पहूर हे जळगाव-अजिंठा रस्त्यावरचे गाव. इथून जाणारी पाचोरा-जामनेर रेल्वे नॅरोगेजची होती, २०२० पर्यंत धावली. पण खरी रहदारी रस्त्याचीच. त्यामुळे मिस्त्री लोकांना काम भरपूर. त्यातल्या एका उस्तादांची शिस्त अशी की, काढलेले प्लग फेकायचे नाहीत. फळीवर सिलिंडरच्या क्रमाने उभे करायचे, पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. ‘गाडी मिसिंग मारते, नवे प्लग टाका,’ असे कुणी म्हणाले की ते म्हणत, ‘पहले पुराना दिखा, फिर नया माँग.’

या एका वाक्यात निदानाचे सगळे शास्त्र आले. प्लग बहुतेक वेळा गुन्हेगार नसतो, साक्षीदार असतो. इंजिनाच्या पोटात काय चालले आहे ते त्याच्या नाकावर उमटते. नाक फिकट तपकिरी, चहाच्या डागासारखे असेल तर सगळे ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. काळे, पण तेलकट ओले असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजून किंवा वरून व्हॉल्व्हच्या बाजूने तेल आत येते आहे. पांढरे फटक, फोड आल्यासारखे असेल तर ही धोक्याची खूण. म्हणजे पेट्रोल कमी पडते आहे, टायमिंग पुढे गेले आहे किंवा प्लगच चुकीच्या जातीचा आहे.

ही जात कोणती? प्लग ‘गरम’ असतो आणि ‘थंड’ असतो. कवचाचे नाक लांब असेल तर उष्णता बाहेर जायला वेळ लागतो, तो गरम प्लग. आखूड असेल तर तो थंड. साधारण साडेचारशे अंशांच्या खाली नाक राहिले तर काजळी जळून जात नाही आणि ठिणगी काजळीतूनच पळते. साडेआठशे-नऊशेच्या वर गेले तर नाक निखाऱ्यासारखे लाल होते आणि ठिणगीची वाट न पाहता पेट्रोल आधीच पेटते. मग पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. म्हणून जोरदार इंजिनाला थंड प्लग लागतो, आणि तोच प्लग बाजारातून हळूहळू फिरणाऱ्या गाडीत दोन दिवसांत काळा होतो.

शर्यतीतले मिस्त्री प्लग वाचताना आणखी एक काळजी घेतात. गाडी पूर्ण वेगात असताना इंजिन एकदम बंद करून क्लच दाबतात आणि गाडी थांबली की प्लग काढतात. सावकाश थांबलात तर त्या सावकाशीचाच रंग प्लगवर चढतो आणि साक्ष बदलते. आजच्या गाडीतला संगणक चौथ्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकते आहे एवढे सांगतो. का चुकते आहे ते नेहमी सांगू शकत नाही. तेव्हा चौथ्याचा प्लग दुसऱ्यात बसवायचा. दोषही दुसऱ्यात गेला तर प्लग खराब. चौथ्यातच राहिला तर कॉइल, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन तपासायचे. दहा मिनिटांचे काम आहे.

आमच्या भागात या साक्षीला आणखी एक अर्थ होता. रेशनच्या निळ्या रॉकेलची पेट्रोलमध्ये भेसळ. रॉकेल जड, त्याची वाफ उशिरा होते, ते नीट जळत नाही. इंजिन ठोके देते आणि प्लगवर काजळी धरते. काळा प्लग म्हणजे भेसळच, असे नाही. हवेचा फिल्टर तुंबला तरी तेच दिसते. पण फिल्टर साफ, कार्बोरेटर ठीक आणि तरीही पुन्हा पुन्हा काजळी येते, तेव्हा उस्ताद पेट्रोल कुठे भरले ते विचारत. दर महिन्याला नवे प्लग घेणाऱ्या टॅक्सीवाल्याला या प्रश्नाची किंमत कळत असे.

मोठ्या प्रमाणावर हाच प्रश्न विचारणाऱ्यांना काय किंमत मोजावी लागली, तेही आठवले पाहिजे. इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी एस. मंजुनाथ यांनी भेसळीवरून पंपावर कारवाई केली. १९ नोव्हेंबर २००५ रोजी उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरी इथे त्यांचा खून झाला. आणि आमच्या खानदेशच्या वेशीवर, मनमाडजवळ पानेवाडीला, २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळले. तिथला प्रकार पाहून ते थांबले होते, एवढाच त्यांचा अपराध. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता.

म्हणून गाडी मिसिंग मारू लागली तर नवा प्लग जरूर बसवा. पण जुना फेकण्याआधी उजेडात धरून एकदा पाहा आणि तो का खराब झाला, हे मिस्त्रीला विचारा. कारण तसेच राहिले, तर नवा प्लगही थोड्याच दिवसांत तेच सांगेल.