पाडवा, पावणेआठ, लाडबोरी

४ फेब्रुवारी २०२१, रात्री ९.०६
(सगळ्या वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार.) चीनच्या सिचुआन प्रांतातल्या शिचांग तळावरून लाँग मार्च ३-ब जातीचं रॉकेट उडतं. क्रमांक वाय-७७. पहिले दोन टप्पे इंधन जाळून गळून पडतात. तिसरा टप्पा उपग्रहाला भूस्थिर कक्षेकडे जाणाऱ्या लांबुळक्या वाटेवर सोडतो आणि त्याचं काम संपतं. आता उरतो तो तीन मीटर व्यासाचा, बारा मीटर लांबीचा, रिकाम्या टाक्यांचा सांगाडा. वजन जवळपास तीन टन. इंजिन पुन्हा पेटवून त्याला निर्मनुष्य समुद्रात पाडलं जात नाही. तो तसाच फिरत राहतो.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावाची उलटगणती इथून सुरू होते. पुढे चौदा महिने जे घडलं, ते गुरुत्वाकर्षणानं आणि हवेनं केलं. माणसाचा निर्णय होता तो एवढाच, आणि तो त्या रात्री होऊन गेला होता.

मार्च २०२२, शेवटचा आठवडा
सुरुवातीला या टप्प्याच्या कक्षेचं वरचं टोक पस्तीस हजार किलोमीटरच्याही पलीकडे होतं आणि खालचं टोक विरळ वातावरणाला घासत होतं. प्रत्येक फेरीत खालच्या टोकाशी थोडा वेग गेला, की वरचं टोक थोडं खाली यायचं. असं होत होत कक्षा आता पृथ्वीच्या अगदी जवळ आली आहे.

अशा वस्तूंवर अमेरिकी स्पेस फोर्सचे रडार नजर ठेवून असतात आणि त्या कधी, कुठे पडतील याचे अंदाज प्रसिद्ध होतात. पण ज्या हवेशी हे गणित बांधलेलं असतं, ती हवाच स्थिर नसते. ३० मार्चला सूर्यावर एक्स श्रेणीची ज्वाला उसळली होती. सूर्य असा खवळला की वरचं वातावरण तापून फुगतं, घर्षण वाढतं आणि कालचं गणित आज चुकतं. शिवाय सांगाडा कोलांट्या खात असतो. तो आडवा असताना हवा त्याला जास्त अडवते, उभा असताना कमी. कोणत्या क्षणी तो कसा असेल, हे जमिनीवरून कुणी सांगू शकत नाही.

२ एप्रिल, सकाळी ८
गुढीपाडवा. राज्यातले कोरोनाचे सगळे निर्बंध आजपासून उठले आहेत. दोन वर्षं घरात काढल्यावर शोभायात्रांना रस्ते कमी पडतायत.

टप्पा पडायला बारा तास उरले आहेत. या क्षेत्रातला ढोबळ हिशेब असा, की जेवढा वेळ उरला असेल त्याच्या वीस टक्क्यांपर्यंत चूक धरायची. म्हणजे आत्ता जवळपास अडीच तास अलीकडे किंवा पलीकडे. एवढ्या वेळात तो पृथ्वीभोवती दीडहून जास्त फेऱ्या मारतो आणि प्रत्येक फेरीत खाली पृथ्वी फिरलेली असल्यामुळे नव्याच मुलखावरून जातो. हा इशारा एकाच वेळी अनेक खंडांना लागू आहे, म्हणजे कुणालाच नाही.

संध्याकाळी ५.४५
दोन तास उरले. चूक आता चोवीस मिनिटांची. ऐकायला छान वाटतं, पण सांगाडा मिनिटाला साधारण साडेचारशे किलोमीटर कापतोय. चोवीस मिनिटं म्हणजे दहा हजारांहून जास्त किलोमीटर, तेही दोन्ही बाजूंना. कुठल्या जिल्हाधिकाऱ्यानं कुठल्या गावाला काय कळवायचं?

१९७९ च्या जुलैत स्कायलॅब पडणार म्हणून आपल्याकडे केवढी घबराट उडाली होती, हे तेव्हाची माणसं अजून सांगतात. ते अमेरिकेचं सत्तर टनांहून जड अंतराळस्थानक अखेर पश्चिम ऑस्ट्रेलियात कोसळलं. पण निदान ते येतंय हे गावागावाला ठाऊक होतं. आज तीन टनांचा सांगाडा येतोय आणि लाडबोरीच्या सिंदेवाही तालुक्यात त्याचं नावही कुणी ऐकलेलं नाही.

७.४५ च्या सुमारास
कालच अमावास्या होऊन गेली आहे. चंद्रकोर सूर्यापाठोपाठ मावळतीला गेली. आकाश काळंभोर.

सुमारे १२० किलोमीटर उंचीवर हवा जाणवण्याइतकी दाट होते. ऐंशीच्या आसपास सांगाडा फुटतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळतं, त्यामुळे टाक्यांच्या भिंती आधी जातात. सुटलेले तुकडे पेटत, एकमेकांना समांतर, मागे शेपट्या ओढत निघतात. गुजरातपासून मध्य प्रदेश, खानदेश, विदर्भापर्यंत लोक अंगणात, गच्चीवर, रस्त्यात थबकून वर बघतायत. झाबुआ, बडवानी, जळगाव, अकोला, नागपूर. मोबाइल वर होतात. उल्कापात आहे असं जो तो म्हणतो.

व्हिडिओ नीट पाहिले तर फरक कळतो. उल्का सेकंदाला किमान अकरा किलोमीटर वेगानं घुसते आणि डोळा लवायच्या आत विझते. हे तुकडे आठपेक्षा कमी वेगानं आले, म्हणून संथपणे, घोळक्यानं, आभाळ ओलांडत गेले. लोकांना मनसोक्त बघता आलं ते त्यामुळेच. त्या दृश्याच्या सौंदर्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. ते सुंदर होतंच. पण जे विझताना दिसलं, ते सगळं संपलं नव्हतं. उजेड जातो तो हवेनं वेग खाल्ला म्हणून. उरलेला तुकडा त्यानंतर काही मिनिटं अंधारात, दगडासारखा सरळ खाली येत राहतो. तेव्हा त्याला कुणीच बघत नसतं.

७.५० च्या सुमारास
लाडबोरी, तालुका सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर. ताडोब्याच्या पूर्वेचा धानाचा पट्टा. पाडव्याच्या सामूहिक जेवणाची तयारी चालली आहे. आभाळ लाल होतं आणि गावातल्याच एका रिकाम्या जागेवर मोठा आवाज होऊन काहीतरी आदळतं. स्फोट होईल या भीतीनं माणसं घरात पळतात आणि अर्धा तास बाहेर येत नाहीत.

बाहेर पडलेलं असतं एक धातूचं कडं. दोन-तीन मीटर व्यास, वजन चाळीस किलोंहून जास्त. ज्या टप्प्याचा व्यास तीन मीटर, त्याच्या अंगाभोवती बसेल असं. रिकामी जागा आणि जेवणाची पंगत यांत अंतर होतं ते काही पावलांचं. या कड्यानं कुणाचा जीव घेतला नाही, यात कुणाचीही हुशारी नव्हती.

हा टप्पा ज्या दिशेनं चालला होता, त्या दिशेला चंद्रपूरपासून आंध्रचा किनारा जेमतेम पाचशे किलोमीटर. एक मिनिट उशिरा फुटला असता तर बरेचसे तुकडे बंगालच्या उपसागराकडे गेले असते. एक मिनिट आधी, तर मध्य प्रदेशात कुठेतरी.

त्याच रात्री
हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्राचे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी जाहीर केलं, की लोकांनी पाहिलं ते बहुधा वाय-७७ चा तिसरा टप्पा; तो तासाभरात पडेल अशी अपेक्षा होतीच आणि मार्गही जुळतो. म्हणजे अंदाज वेळेच्या बाबतीत खोटा ठरला नाही. त्यात गाव नव्हतं, आणि असणं शक्यही नव्हतं.

३ एप्रिल आणि नंतर
तालुक्यात धातूचे गोळे सापडू लागले. एक पवनपारला मिळाला. हे इंधनप्रणालीला दाबाखाली वायू पुरवणारे गोळे. अशा गोळ्यांना बहुधा टायटॅनियम वापरतात, आणि ते सोळाशे अंशांपलीकडे वितळतं. शिवाय आत पोकळ, म्हणून आकाराच्या मानानं हलके. हवेत लवकर मंदावतात आणि शाबूत उतरतात. एप्रिल म्हणजे इथल्या बायामाणसांनी पहाटेच्या अंधारात मोहफुलं वेचायला रानात असण्याचे दिवस. रात्री पावणेआठऐवजी पहाटे पाचला हे आलं असतं तर काय, हा प्रश्न मला सोडत नाही.

जमा झालेल्या वस्तू पोलिसांच्या ताब्यात गेल्या आणि ८ एप्रिलला इस्रोच्या शास्त्रज्ञांनी येऊन पाहणी केली. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा वस्तूनं जमिनीवर नुकसान केलं तर प्रक्षेपण करणाऱ्या देशाला भरपाई द्यावी लागते, चूक कुणाची हे न बघता. पण नुकसान झालं नाही, की मागण्यासारखं काही राहत नाही. गाव घाबरलं, याला करारात रकाना नाही.

जुलैत ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’त एक शोधनिबंध आला. ढाका, जकार्ता, लागोस यांच्या अक्षांशांवर रॉकेटचे असे टप्पे पडण्याचा धोका न्यूयॉर्क, बीजिंग, मॉस्कोच्या सुमारे तिप्पट असल्याचं त्यात मांडलं होतं. टप्पे नियंत्रितपणे उतरवण्याचं तंत्र आहे. त्यासाठी थोडं इंधन राखावं लागतं, खर्च वाढतो. तो खर्च आज लाडबोरीसारखी गावं उचलतात, त्यांना न विचारता.

हा निबंध येण्याआधीच, १२ मे रोजी, गुजरातच्या आणंद जिल्ह्यात आकाशातून पुन्हा धातूचे गोळे पडले होते. तेही लाँग मार्च ३-बच्याच तिसऱ्या टप्प्याचे असावेत, असा मॅकडॉवेल यांचा अंदाज होता.